आमच्या नळाचं विलापगीत

अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर लोक हास्यक्लबात जातात. मी मोबाइलवर प्राचीन हिब्रू धर्मग्रंथातल्या काव्यप्रकारांचा वर्ग लावला. का, ते विचारू नका. बायकोने विचारून झालंय. त्यातलं विलापगीत मला फार आवडलं. आधी देवाला हाक, मग गाऱ्हाणं, मग मागणं, आणि शेवटी, पदरात काहीही पडलेलं नसताना, चक्क स्तुती. शिवाय प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, दुसऱ्यांदा जरा वेगळ्या शब्दांत.

तेव्हा कात्रपमधल्या आमच्या इमारतीत नळाला पाणी येत नव्हतं. लिफ्ट नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू दुखऱ्या गुडघ्यांनी अंगणातल्या बोअरवेलवरून बादल्या वाहायच्या. बघून माझा जीव तुटायचा. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "सर, नगरसेवकांना दिसेल असा एक कडक बॅनर लिहा." मी कसली संधी सोडतोय! अस्सल विलापगीत लिहिलं: "आमचे नळ सुकले, आमच्या तोट्या मुक्या झाल्या." शेवटी नियमाप्रमाणे नगरसेवकांची स्तुती आणि आभार.

उल्हासनगरच्या बॅनरवाल्याचा माणूस बॅनर थेट फाटकावर बांधूनच गेला. त्यावर नगरसेवकांचा हसरा फोटो आणि एकच ओळ: "पाणी दिल्याबद्दल जाहीर आभार". मी फोनवर बॅनरवाल्यावर तडकलो.

"साईं, सब डबल-डबल लिखा था," तो म्हणाला. "मी कट मारला. आभारचा मॅटर बडा केला."

त्याचंही खरंच होतं. आमच्याकडे बॅनर लागतो तो वाढदिवसाचा, नाहीतर आभाराचा.

बॅनर उतरवायच्या आत, संध्याकाळी, खुद्द नगरसेवकच आभार स्वीकारायला आले. सेक्रेटरींनी कुठून तरी शाल पैदा केली. "पाणी आलं हे मलाही आजच कळलं," नगरसेवक भाषणात म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. समोर उभ्या माणसाचा विरस कोण करणार? मीसुद्धा वाजवल्या.

तेवढ्यात बोअरवेलकडून काकू आल्या. त्यांनी बादल्या शालीसमोर खाली ठेवल्या.

"दादा, जरा ऐका. नळाला थेंब नाही. जिना चढून चढून माझे गुडघे गेले. तेवढं पाणी वर येईल असं करा."

हाक, गाऱ्हाणं, मागणं, सगळं क्रमाने आलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरीही मी मूर्खासारखा स्तुतीची वाट बघत उभा राहिलो.

काकूंनी बादल्या उचलल्या आणि जिना चढायला लागल्या.