उत्तर न आलेला कौल

साथीमुळे शाळा बंद होऊन सात महिने होत आले होते आणि माझी पूजा म्हणजे नुसती धांदल झाली होती. घोटावड्यातल्या आमच्या घरी सकाळी देवघरापुढे बसायचे, तोंडाने देवीचं स्तोत्र चालू आणि डावा हात मांडीवरच्या मोबाइलवर. कोण ऑनलाइन तासाला आलं नाही, कुणी गृहपाठ पाठवला, कुणाच्या आईने रिचार्ज संपल्याचं कळवलं. स्तोत्र कुठवर आलं तेच विसरायचे, मग पुन्हा पहिल्यापासून. एकदा घंटा वाजवता वाजवता मी चक्क "शांत बसा रे" म्हणाले आणि बाहेरच्या खोलीत यजमान खो खो हसले. मला हसू आलं नाही. वीस वर्षं गणित शिकवते आहे, स्वभाव तापट, उत्तर लगेच हवं असतं. देवीवर श्रद्धा होती, आजही आहे. पण त्या दिवसांत मी तिच्याशी भांडतच होते. इतकी मुलं घरी बसलीत आणि तू नेमकं काय करते आहेस, असं रोज विचारत होते.

दहावीचा वर्ग माझ्याकडे होता. निम्मी मुलं डोंगरातल्या वाड्यांवरची, तिथे रेंज नाही आणि असली तरी घरात फोन एकच. शनिवारी मी स्कूटीवरून स्वाध्यायाचे कागद वाटत फिरायचे. एवढं करून थांबले असते तर बरं झालं असतं. पण वर्गातली माझी जुनी सवय होती, चुकणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहायची. तीच मी पालकांच्या ग्रुपवर चालू केली. दर शुक्रवारी संध्याकाळी गैरहजर मुलांची यादी टाकायची. चार लोकांत लाज वाटली म्हणजे अभ्यासाला लागतील, असा माझा हिशेब. रिह्याच्या खोऱ्यात वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथल्या कोमलचं नाव त्या यादीत लागोपाठ चार शुक्रवार आलं. ही मुलगी वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची, बोलायची जवळजवळ नाहीच, पण गणिताची एकही पायरी कधी गाळायची नाही. तिचे वडील, बबनभाऊ, एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला होते. कँटीन बंद पडलं तसे ते मिळेल त्या मजुरीला जाऊ लागले आणि घरातला एकुलता फोन त्यांच्याबरोबर जाऊ लागला. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी नाव लिहिलं. चौथ्या शुक्रवारी रात्री बबनभाऊ ग्रुपमधून बाहेर पडले.

शनिवारी मी त्यांच्या दारात गेले. त्यांनी घोंगडी अंथरली, पाणी दिलं, मग शांतपणे म्हणाले, "बाई, शाळा तर बंद हाय. मंग पोरीचं नाव चारचौघांत कशापायी काढायचं? आमचं सोयरं बी हायेत त्या ग्रुपात." ते पुढे म्हणाले, "पौडाकडचं स्थळ आलंय. मंगळवारी वाघजाईला कौल लावतुया. आईनं उजवा दिला तर तुळशीचं लगीन झालं की उरकून टाकू." कोमल पंधरा वर्षांची होती. मी भडकले. कायदा काय आहे, वय काय लागतं, कोण कोण अधिकारी येऊन दारात उभे राहतील, सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "तुमी कायदा सांगा. आमी आईला इचारतो." आतल्या दाराशी कोमल तांब्या धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ते मला फार लागलं.

मंगळवारपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. दूध दोनदा उतू गेलं. मुलांना समजावून सांगताना सोपं समीकरण चुकलं. अधिकाऱ्यांचा नंबर कागदावर लिहून ठेवला होता, दोनदा लावला आणि रिंग जाण्याआधीच बंद केला. तक्रार गेली की इथलं लग्न थांबेल, पण मामाच्या गावी नेऊन गुपचूप लावतील, आणि पोरीचं शाळेचं दार कायमचं बंद होईल, असं वाटायचं. ती भीती होती की शहाणपण, मला आजही ठरवता येत नाही. आणि या सगळ्याच्या तळाशी माझी ती शुक्रवारची यादी होती. देवघरापुढे बसले की आणखी एक विचार छळायचा. मी जिच्यापुढे बसून लग्न मोडू दे म्हणते आहे, तिच्याचपुढे तो बाप लग्न ठरू दे म्हणणार आहे. ती कुणाचं ऐकणार? की कुणाचंच ऐकत नाही आणि आपणच मधे बडबड करतो? इतकी वर्षं पूजा केली, पण असा प्रश्न कधी पडला नव्हता.

मंगळवारी सकाळीच निघाले. भात कापणीला आलं होतं, खाचरांच्या कडेला स्कूटी लावली आणि टेकडी चढले. वाघजाईचं देऊळ म्हणजे चार खांब, वर पत्रा आणि शेंदराचा तांदळा, म्हणजे मूर्ती न घडवलेला नुसता पाषाण. त्याला दारच नाही, त्यामुळे सगळी देवळं बंद होती तेव्हाही हे उघडंच होतं. एक बाई पदर खोचून झाडत होती. मी तिला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. चाळिशीची असेल, मास्क हनुवटीवर. ती तिथली गुरवीण निघाली. कौल कसा लावतात, ते मी तिला विचारून घेतलं. झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

आता जे लिहिते ते लिहायला लाज वाटते, पण लिहिल्याशिवाय हा अनुभव खरा होणार नाही. मी तिला कोमलची सगळी हकिकत सांगितली आणि म्हणाले, "ताई, डाव्या बाजूची पाकळी जरा कोरडी लावाल का? म्हणजे तीच आधी पडेल." जन्मभर देवी देवी करणारी मी, तिच्या दारात उभी राहून तिचं उत्तर ठरवून मागत होते.

ती केरसुणी टेकवून माझ्याकडे बघत राहिली आणि हसली. "व्हय बाई, तुमच्या वर्गात पोरांना कॉपी करू देता का तुमी?"

कानशिलं तापली माझी. मी खांबाशी जाऊन बसले. परत फिरावं असं दहा वेळा वाटलं.

थोड्या वेळाने बबनभाऊ आणि कोमलची आई आले. मला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण देवीच्या दारातून कुणी कुणाला हाकलत नाही. गुरविणीने पाकळ्या भिजवल्या, आणि लावायच्या आधी तिचा हात थांबला. "पोरगी कुटं हाय?"

"घरी हाय. तिचं काय काम हितं?" बबनभाऊ म्हणाले.

"कौल कुनाचा? तिचाच न्हवं? जिचा कौल तिला घरी ठिवून आलासा व्हय? मी न्हाई लावायची." आणि ती पाकळ्या पाण्यात तशाच ठेवून केर भरायला लागली.

कोमलची आई उठली आणि उतरून जाऊन मुलीला घेऊन आली. मग कौल लागला. बबनभाऊंनी गाऱ्हाणं घातलं आणि आम्ही सगळे बसून राहिलो. ऊन खांबावरून खाली सरकलं. वारा होता, समोरचं भात हलत होतं, पण पाकळ्या हलेनात. मी डाव्या पाकळीवर अशी नजर लावली होती की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पड, पड, म्हणत होते. नंतर नंतर तेही म्हणवेना. कंटाळून म्हणा, थकून म्हणा, माझ्या आतली बडबड बंद पडली. कित्येक महिन्यांनी मी देवीपुढे काहीही न बोलता बसले होते. फोन पिशवीत होता, त्याची आठवणसुद्धा झाली नाही.

बऱ्याच वेळाने गुरवीण उठली. "आई बोलत न्हाई आज," ती म्हणाली. "मंग आता तुमीच बोला येकमेकांशी."

माझ्याकडे भाषण तयार होतं, शिक्षणाचं महत्त्व वगैरे. तोंड उघडलं तर निघालं भलतंच. "बबनभाऊ, माझं चुकलं. तुमच्याकडे फोन एकच आहे हे ठाऊक असून मी कोमलचं नाव सगळ्यांत काढलं. तिचा काही दोष नव्हता." बोलता बोलता रडू फुटलं. पन्नाशीची बाई, पालकांसमोर आणि विद्यार्थिनीसमोर हुंदके देत होते.

ते बघून असेल किंवा आणखी कशाने, कोमल बोलली. इतक्या हळू की तिच्या वडिलांना वाकावं लागलं. "आबा, मला धावी करायचीय. मंग तुमी म्हणाल ते. पर धावी करू द्या."

"मंग आधी का न्हाई बोललीस?"

"तुमी इचारलंच न्हाई."

बबनभाऊंनी देवीकडे पाहिलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती आणि दमणूक होती, आणि ती मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. मग ते गुरविणीला म्हणाले, "काढ वैनी ती फुलं. आमाला काय इचारायचं न्हाई." आपण विचारलेला प्रश्न त्यांनी आपणच मागे घेतला, आणि लग्नाचा विषय दहावीपर्यंत लांबला. गुरविणीने दोन्ही पाकळ्या अलगद काढल्या, एक कोमलच्या हातावर ठेवली आणि एक माझ्या.

शुक्रवारची यादी मी बंद केली. शनिवारी वर जाऊन कोमलच्या ओट्यावर बसायचे. शेजारची आणखी तीन मुलं येऊन बसू लागली. पाकळ्या का पडल्या नाहीत याचा मी शोध घेतला नाही. पाणी जास्त लागलं असेल. त्या गुरविणीच्या रूपात मला तिथे कोण भेटलं, एवढं मला पुरतं. इतकी वर्षं मी देवीपुढे उत्तरं घेऊन जात होते आणि तिची फक्त सही मागत होते. हातातून सगळं सुटल्यावर गप्प बसणं, यालाच शरण जाणं म्हणत असावेत. मला ते अजून नीट जमत नाही.

पुढे साथ पुन्हा वाढली आणि त्या वर्षी बोर्डाची परीक्षाच रद्द झाली. बातमी ऐकली आणि मी तपासायला घेतलेले कागद बाजूला ठेवले. ज्या दहावीसाठी बापाने दम धरला, ती परीक्षाच नाही! आता त्याला अडवायचं कशाच्या जोरावर? त्या संध्याकाळी बबनभाऊंचा फोन आला.

"बाई, परीक्षा न्हाई म्हंत्यात," ते म्हणाले. "मंग कोमलला अकरावीला कुटं घालायची?"

मी त्यांना सगळं नीट सांगितलं, कॉलेजं, अर्ज, दाखले. फोन ठेवून देवघरापुढे बसले आणि हात जोडले. त्या मंगळवारी टेकडीवर जे मागायला म्हणून गेले होते, ते मी देवीकडे तोंडाने मागितलंच नव्हतं आणि तरी ते पदरात पडलं होतं, हे तेव्हा ध्यानात आलं.