तीन मॉड्यूल आणि एक मेंढी

"मॅडम, ये क्या हो रा? गेटवाली स्क्रीन बोलती मेंढी अंदर है. चाऱ्यावाली स्क्रीन बोलती मेंढी नाम का जानवरच नहीं. मी काय करू?"

फोनवर नासीरभाई होते. करमाडच्या पुढं एका संस्थेची चारा छावणी होती, तिचे ते व्यवस्थापक. छावणीचं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीनं केलेलं.

भर दुपार होती. आमचं ऑफिस जालना रोडवर, तिसऱ्या मजल्यावर. पाणी वाचवायचं म्हणून कूलर कोरडाच चालायचा आणि गरम वारा फेकायचा. खिडकीतून नव्या टॉवरची क्रेन दिसायची. तिच्यामागं सगळं पांढरं. डोंगर कुठं संपतो आणि आभाळ कुठं सुरू होतं, ते कळायचं नाही. त्या उन्हाळ्यात दुपारी अर्धं शहर झोपेत चालल्यासारखं वाटायचं.

मी विचारलं, "मेंढ्या कुणाच्या आहेत?"

"धोंडामावशीच्या. देवगाव रंगारीकडून आल्या. सून है साथ में. दोन दिवस मी अपने हाथ से कडबा डाला. पण भाऊसाहेब आज बोलले, उद्यापासून कॉम्प्युटरची पावती नसेल तर काडी द्यायची नाही."

भाऊसाहेब म्हणजे संस्थेचे सचिव. त्यांनी एकदा काही म्हटलं की ते बदलत नसे. मावशींची आणखी एक अडचण होती. एका छावणीच्या गेटवर नोंद झाली की दुसरी छावणी घेत नसे. म्हणजे संध्याकाळपर्यंत पावती निघाली नाही, तर सकाळी त्यांना कळप घेऊन रस्त्याला लागावं लागणार होतं. आणि त्या वर्षी रस्त्याच्या कडेला धुळीशिवाय काही उगवलेलं नव्हतं.

हे असं का झालं, ते सोपं आहे. सॉफ्टवेअरचे तीन भाग होते: गेट, वाटप आणि तपासणी. आम्ही त्यांना मॉड्यूल म्हणतो. तिन्ही जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेले, एकाच प्रोजेक्टमध्ये शेजारी शेजारी ठेवलेले. पण स्क्रीनवर माणूस काही निवडतो, आकडा भरतो, ते काम जावास्क्रिप्ट ही दुसरी भाषा करते. कोणतं जनावर, त्याला किती चारा, हे सांगणारी जावास्क्रिप्टची एक फाईल होती. ती एकच असायला हवी होती. प्रत्यक्षात तिच्या तीन प्रती होत्या, प्रत्येक मॉड्यूलच्या पोटात एक.

छावणी आधी फक्त गाई-म्हशींची होती. नंतर संस्थेनं मेंढ्या-शेळ्याही घ्यायचं ठरवलं. माझा सहकारी इम्रान यानं गेटच्या प्रतीत मेंढी घातली. बाकीच्या दोन प्रतींना त्याचा पत्ताच नव्हता.

आमचं घर चळवळीतलं, घरात मोर्च्यांच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी चौकात उभी राहून ती वाटत मोठी झाले. एक चूक छापली गेली की पुढचा गठ्ठा सुधारता येतो, वाटून झालेला नाही. कॉपी-पेस्टचंही तसंच आहे. म्हणून मला त्या तीन प्रतींचा पहिल्या दिवसापासून राग होता.

आमचे साळवे सर माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. "गेटची फाईल उचल, बाकी दोन ठिकाणी टाक. पाच मिनिटांचं काम आहे."

"सर, ही एक वेगळं मॉड्यूल करू या. जार बनवू. तिघांनी तिथूनच घ्यायची."

"ताई, मोर्चा नंतर काढा. आधी मेंढ्यांना जेवू द्या."

बरोबर होतं त्यांचं. मी फाईल उचलली आणि वाटपाच्या प्रतीवर टाकली. इम्राननं चाचणीसाठी एक बैल नोंदवला.

"अगं, थांब थांब," तो म्हणाला. "बैल को वासरू का चारा दे रा ये."

आम्ही तिन्ही मूळ फायली शेजारी ठेवून वाचल्या. त्या आता एकमेकींच्या प्रती राहिल्याच नव्हत्या. वाटपाच्या प्रतीत कुणीतरी मध्येच मोठ्या जनावरांचा चारा दुरुस्त केला होता. तो गेटच्या प्रतीत नव्हता. तपासणीच्या प्रतीत तर दूध पिणारं वासरूही स्वतंत्र जनावर धरलेलं. गेटवर ते धरतच नव्हते. तीन फायली आणि तिघींचं म्हणणं वेगळं. चिकटवायची तर कोणती?

मी म्हटलं, "सर, आता एकच करावी लागेल. आणि काय खरं ते आपण नाही ठरवू शकत. त्यांना विचारावं लागेल."

साळवे सरांनी सुस्कारा सोडला आणि भाऊसाहेबांना फोन लावला. मी दुसऱ्या फोनवरून नासीरभाईंना घेतलं. दोन्ही स्पीकर टेबलावर. नासीरभाई वाटपाच्या खिडकीत होते, मावशी त्यांच्या समोरच उभ्या.

भाऊसाहेब म्हणाले, "कोकरू जनावर धरायचं नाही. ते आईचं दूध पितं. त्याला चारा कशाला?"

"व्हय, आन् आईला दूध आभाळातून येतं का?" लांबून एका बाईचा आवाज आला.

"कोण बोलतंय?"

"मी धोंडा. मपली मेंढरं हायती."

"मावशी, एका मेंढीला किती लागतो चारा?" मी विचारलं.

"लई खाती बघ. बैलावाणी खाती."

नासीरभाई खो खो हसले. "मावशी, बैल को सुनाई दिया तो मारेगा तुमको!"

"मंग तू सांग की. दोन दिस तूच टाकतू ना."

"मूठभर टाकतो. तुम्ही टोपली बोलता."

"मूठ तुझी केवढी, ते तरी सांग त्यांना!"

साळवे सर हसू दाबत खिडकीकडं वळले. भाऊसाहेब हसले नाहीत, पण आवाज जरा सैल झाला. घासाघीस बराच वेळ चालली. मावशी बैलावरून गाईवर आल्या, गाईवरून वासरावर. शेवटी ठरलं: दूध पिणारं कोकरू किंवा वासरू मोजायचं नाही, पण पाजणाऱ्या आईला दीडपट चारा. मोठ्या जनावरांचा वाटपातला आकडा खरा. मेंढीचं माप भाऊसाहेबांनी सांगितलं, मावशींनी "कमी हाय" म्हटलं आणि नासीरभाईंनी दोघांच्या मधलं धरलं.

"हेच गेटवर, हेच वाटपात, हेच तपासणीत?" मी विचारलं.

"हेच," भाऊसाहेब म्हणाले.

मग मी नवं मॉड्यूल केलं. जार म्हणजे जावाचं बांधलेलं बोचकं. त्यात सहसा जावाचा कोड असतो, पण ठराविक फोल्डरमध्ये ठेवली तर जावास्क्रिप्टची फाईलही राहते आणि सर्व्हर ती थेट त्या बोचक्यातून स्क्रीनला देतो. तिन्ही मॉड्यूलच्या पोटातल्या प्रती मी पुसून टाकल्या. त्या जागी प्रत्येकाच्या यादीत एकच ओळ: मला ते बोचकं लागतं. यालाच डिपेंडन्सी म्हणतात. बोचक्याचा नंबर, म्हणजे ती कितवी आवृत्ती ते, सगळ्यांच्या वरच्या, मुख्य फाईलमध्ये एकदाच लिहिला.

प्रती पुसताना हात हलका झाला होता. इतकं हलकं मला फार कमी वेळा वाटलंय.

मग बिल्ड, म्हणजे सगळे भाग जोडून चालतं सॉफ्टवेअर बांधायचं काम, सुरू केला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी वर सरकू लागल्या. आधी जनावरांचं मॉड्यूल, मग गेट, मग वाटप, मग तपासणी. कोणी कोणावर अवलंबून आहे ते पाहून बिल्ड स्वतःच क्रम लावतो. नेट मंद होतं. ओळी थांबायच्या, पुन्हा चालायच्या. गरम वाऱ्यात माझे डोळे जड झाले. त्या ओळी मला कळपासारख्या दिसायला लागल्या. पांढऱ्या माळावरून एकामागून एक चाललेल्या, खाली मान घालून, कुठलाही आवाज न करता. पुढची थांबली की मागच्या थांबत होत्या. क्रेन हळूच फिरली आणि तिची सावली आमच्या टेबलावरून पाण्यासारखी सरकत गेली. इम्रान काहीतरी म्हणाला, ते मला फार दुरून ऐकू आलं.

"झाला गं. हिरवा आला, एक भी एरर नहीं."

सर्व्हरवर चढवलं. बैलाला बैलाचा चारा आला. मेंढी तिन्ही स्क्रीनवर आली. ऊन कलायच्या आत नासीरभाईंचा फोन आला. मागं मेंढरांचा आणि मावशींचा एकत्र आवाज.

"पावती निकली मॅडम. पण मावशी बोलती चारा कम है."

"कमीच हाय!" मावशी ओरडल्या. त्या उद्या कुठं जाणार नव्हत्या.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या आठवड्यात भाऊसाहेबांनी मला थेट फोन केला. आवाज खालचा.

"मेंढ्या फार वाढल्यात. असं करा, फक्त वाटपाच्या स्क्रीनवर मेंढीचं माप थोडं कमी करा. गेटवर राहू द्या तसंच. गेटवर देणगीदार येतात, तिथला आकडा बघतात."

माझ्या ओठांवर एक अख्खं पत्रक आलं होतं. मी ते गिळलं.

"करता येईल, भाऊसाहेब," मी म्हटलं. "वाटपाला वेगळ्या नंबरचं बोचकं द्यावं लागेल. पण पावतीच्या तळाशी माप आणि बोचक्याचा नंबर आपोआप छापला जातो. गेटच्या पावतीवर एक माप येईल, वाटपाच्या पावतीवर दुसरं. दोन्ही पावत्या धोंडामावशींच्या हातात असतात."

"त्यांना वाचता येतं?"

"त्यांच्या सुनेला येतं."

भाऊसाहेबांनी दुसरी वाट धरली.

"मग गेटवरही कमी केलं तर?"

"तर एक आकडा बदलायचा. तिन्हीकडं लगेच दिसेल. देणगीदारांनाही."

"राहू द्या," म्हणून त्यांनी फोन ठेवला. माप तेच राहिलं.

साळवे सर पलीकडच्या टेबलावरून बघत होते. "काय गं, क्लायंटला नाही म्हणालीस?"

"नाही सर. बिल्ड कसा चालतो ते सांगितलं."

एकच फाईल ठेवली म्हणून भांडण टळत नाही. ते सगळ्यांसमोर करावं लागतं, एवढंच.