लांब मांडलेली ताटं

आमच्या जहाजाचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, रशियाचा; इंजिनरूममधला ऑइलमन युक्रेनचा. जेवायला दोघं रोज समोरासमोर बसतात, आणि आज वाढताना त्यांच्याकडे बघून मला माझी चूक आठवली.

त्यांच्या देशांत लढाई पेटल्याचं कळलं, त्या दिवशी मी फार घाबरलो होतो. आठवीत शाळा सोडलेला मी रत्नागिरीकडचा भंडारी, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. जगाचं राजकारण मला कळत नाही, पण गावची पंगत कळते. भावकीत वाद असला की शहाणा वाढपी दोघांची पानं लांब मांडतो. मीही त्यांची ताटं टेबलाच्या दोन टोकांना मांडली.

बोसन थबकला. “कुक, हे कोणी केलं?”

“मीच. म्हटलं, आज जवळ नको.”

“तुला मिठाचा अंदाज नव्हताच, आता माणसांचाही राहिला नाही,” म्हणत त्यानं दोन्ही ताटं उचलून नेहमीच्या जागी ठेवली. ऑइलमन येऊन बसला, पण जेवेना. घरून आईचा काहीच निरोप नव्हता.

“जेव,” बोसन म्हणाला, “उपाशी माणसाला फोन लवकर येत नाही.”

तो हळूहळू जेवला.

पानं लांब मांडणारा वाईट असतोच असं नाही, तो नुसता घाबरलेलाही असतो. मी तसाच होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बोसन चहाला आला तो हसतच. “त्याची आई सुखरूप आहे,” त्यानं मला सांगितलं, आणि त्या दोघांबद्दलचा माझा अंदाज चुकल्याचं मला जन्मात पहिल्यांदा इतकं बरं वाटलं.