झालं म्हणण्याआधी

सुधीर गेल्याचा फोन आला त्या सकाळी मी ऑफिसात दिवसभराची कामं वाटून देत होते. फोन त्याच्या बायकोचा, मंगलचा. "झोपेतच गेले. ऑफिसातलं तुम्ही बघा ताई, इकडचं मी बघते," ती म्हणाली. घाटावर मी रडले. पण त्यानंतर आम्ही दोघी जेव्हा जेव्हा त्याच्याबद्दल बोलायला बसलो, तेव्हा हसत हसतच उठलो... तेच लिहून ठेवते आहे.

इंजिनिअरिंगला आम्ही एका वर्गात होतो. बाहेरगावच्या नोकऱ्या करून दोघंही नागपुरात परतलो आणि मनीषनगरात दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं. व्यापाऱ्यांशी फोनवर माणसासारखं बोलून त्यांची कामं करणारा एआय सहायक आम्ही बनवत होतो. भिवापूरहून मिरची आणायला गाडी हवी असं व्यापाऱ्यानं सांगायचं, सहायकानं ट्रान्सपोर्टच्या वेबसाइटवर गाडी बुक करून 'झालं' म्हणायचं. पगार, पत्रव्यवहार, तारखा माझ्याकडे, सहायक सुधीरकडे. लकडगंजातले मिरचीचे एक ठोक व्यापारी, ज्यांना सगळे शेठजी म्हणतात, ते पहिलं गिऱ्हाईक व्हायला तयार होते. ते मिळाले तर ऑफिस चालणार होतं, नाहीतर कुलूप.

शेठजींना दाखवायची तारीख तोंडावर आली आणि सुधीर म्हणाला, "मी देत नाही. खोटं बोलून राहिला तो."

वेबसाइट मध्येच अडकली की गाडी बुक न होताही सहायक 'झालं' सांगून मोकळा व्हायचा. त्यात लबाडी नव्हती. तो लाखो संभाषणांवर शिकलेला, आणि अशा जागी बहुतेक वेळा जे उत्तर येतं तेच तो देत होता. मी म्हटलं, "कधीतरीच होतं ना? माझ्या यादीत त्या तारखेखाली दोन रेघा आहेत."

"मग तुह्या यादीलेच विचार वं, गाडी नाही आली तर मिरची काय पायी येईन?"

तारीख पुढे ढकलली. मग सुधीरनं सहायकाला फसवायचा सपाटाच लावला. आवाज बदलून तो स्वतः फोन करायचा... कधी तापलेला व्यापारी, कधी कमी ऐकू येणारे आजोबा, मागे मंगलच्या कुकरच्या शिट्ट्या. "दोन गाड्या पाठव बाप्पा. नाही, एकच. अरे थांब, दोनच. मी एक काहून म्हणलो?" सहायक चुकला की सुधीरचा चेहरा असा फुलायचा, जणू घरात लग्न ठरलं, आणि सगळ्यांना तर्री-पोहे. चुका सापडल्या म्हणून इतके पोहे खाल्लेलं ऑफिस दुसरं नसेल. हे सगळे फोन तो रेकॉर्ड करून ठेवायचा. सहायकात काहीही बदललं की ते पुन्हा त्याला ऐकवायचे, कारण एक चूक काढताना दुसरी शिरते. शिवाय एक नियम घातला: 'झालं' म्हणण्याआधी सहायकानं ट्रान्सपोर्टच्या नोंदीत परत जाऊन गाडी दिसते का ते पाहायचं. नाही दिसली, तर तसं सांगायचं.

शेवटी शेठजींच्या गादीवर आम्ही फोन स्पीकरवर लावला, आणि वेबसाइट नेमकी तेव्हाच अडकली. सहायक म्हणाला, "गाडी मला नोंदीत दिसत नाही. बुक झाली असं धरू नका. ट्रान्सपोर्टला फोन जोडून देऊ का?"

मी डोळे मिटले. शेठजी मुनीमजींकडे वळले. "ऐकलं का गा? इतक्या वर्षांत तू एकदा तरी असं बोलला का?"

"बोललो असतो तर तुम्ही ठेवलं असतं का मले?" मुनीमजी म्हणाले. गादीवर सगळे इतके हसले की आमचं काम ठरलं हे कळायला मला जरा वेळच लागला.

सुधीर गेल्यावर काही दिवसांनी ऑफिसातल्या मुलांनी सहायकाची नवी, जास्त चपळ आवृत्ती तयार केली. शेठजी तिची वाटच पाहत होते. तपासणीसाठी सुधीरच्या रेकॉर्डिंगऐवजी यंत्रानं बनवलेले आवाज वापरू, असं मुलं म्हणाली. त्याचा आवाज रोज ऐकणं आम्हाला जड जाईल, असं त्यांना वाटत होतं. मी मंगलला विचारलं.

"राहू द्या ताई. घरात तर ते आता कोणाशी वाद घालत नाहीत. तिथं तरी घालू द्या."

मग आम्ही नव्या सहायकाला त्याचेच रेकॉर्ड केलेले फोन ऐकवले. सुधीर दोन गाड्या म्हणाला, एक म्हणाला, पुन्हा दोन म्हणाला, वर स्वतःवरच वैतागला. नवा सहायक गोड आवाजात म्हणाला, "झालं." नोंदीत गाडी होती, पण एकच.

मी शेठजींना फोन करून सांगितलं, नवं इतक्यात मिळणार नाही.

"काहून? कोण नाही म्हणलं?"

"सुधीर," मी म्हटलं.



"मग थांबतो मी," शेठजी म्हणाले.