गौरीच्या गोळ्या

कॉलेजचे ते दिवस मला धुक्यातून दिसल्यासारखे आठवतात. पाळीत इतकं रक्त जायचं, की टोकावड्याहून मुरबाडला जाणाऱ्या एसटीत बसले की खिडकीबाहेरची भातखाचरं हळूहळू वर तरंगायला लागायची आणि त्यांच्याबरोबर मीही. खरं सांगायचं तर ते तरंगणं मला आवडायचं. ही अंगात रक्त कमी असल्याची गुंगी आहे, असं मुरबाडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी जरा हिरमुसलेच.

त्यांनी सोनोग्राफी केली, ब्लडप्रेशर पाहिलं, डोकं दुखतं का, पायात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, असं खोदून खोदून विचारलं. मग रोज एक घ्यायच्या गोळ्या दिल्या. पाकिटावर छापलं होतं, गर्भनिरोधक. लग्न न झालेल्या मुलीने हे घरी कोणत्या तोंडाने सांगायचं? आईला म्हटलं, पाळीच्या गोळ्या आहेत.

आमच्याकडे पाळीच्या गोळ्यांचा उपयोग एकच. गौरी घरात असताना बाईला बाहेर बसावं लागू नये, म्हणून पाळी पुढे ढकलायची. शेजारच्या काकूंची तारीख नेमकी गौरीत येत होती. आईने माझं पाकीट उचलून त्यांना देऊन टाकलं आणि मी पाकीट शोधत राहिले तेव्हा पुण्य केल्याच्या समाधानात मला दोन-तीन दिवसांनी सांगितलं. तोवर माझं सुरू झालंच होतं. घरात गौरी जेवत होत्या आणि मी पडवीत गोधडीवर पडून, माळशेजकडून उतरणारे ढग बघत तरंगत होते. माझा पांढराफटक चेहरा पाहून आई घाबरली आणि दुसऱ्याच दिवशी मला मुरबाडला घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई आधी चिडल्या; एकीच्या तपासणीवर दिलेलं औषध दुसरीला द्यायचं नसतं, म्हणाल्या. मग शांतपणे समजावू लागल्या. गोळीत दोन हार्मोन असतात. त्यांच्यामुळे बीजकोश निवांत राहतो, बीज बाहेर पडत नाही. गर्भपिशवीच्या तोंडाशी स्राव दाट होतो. आतलं अस्तर पातळ राहतं, म्हणून रक्त कमी जातं, दुखतंही कमी. पुढे बीजकोशाच्या आणि पिशवीच्या कॅन्सरचा धोकाही कमी होतो. त्यांचा आवाज मला लांबून, पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येत होता.

हिला पुढे मूल होईल ना, एवढंच आईने विचारलं. गोळ्या थांबवल्या की सगळं पूर्वीसारखं सुरू होतं, त्या म्हणाल्या.

आता उठायचं, असं मला वाटलं. पण आई हलेना. माझ्या जन्मानंतर तिलाही असंच रक्त जायचं. शहरातल्या एका डॉक्टरने तिची पिशवीच काढून टाकली होती, तेव्हा ती जेमतेम पंचविशीची. कटकट गेली, असंच ती आजवर सांगत आलेली.

"माझी पिशवी काढली, तवा ह्या गोळ्या होत्या का?" तिने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "होत्या. सगळ्यांनाच लागू पडतात असं नाही. पण आधी देऊन बघायला हव्या होत्या."

 आईने नवं पाकीट कापडी पिशवीत नीट ठेवलं. स्टँडवर एसटीची वाट बघत उभ्या होतो. माझ्याकडे न बघता आई म्हणाली, "तुला एक बहीन झाली असती गो."