गार न होणारी हलगी

दुपारचं जेवण अंगावर आलंय. कानावर हेडफोन, लॅपटॉपवर ट्रॅक सुरू, आणि माझी मान पुढे कलतेय. आज संध्याकाळी हा ट्रॅक पाठवायचाच आहे. पहिल्या अर्ध्यात माझ्या सिंथच्या सुरांना तायाप्पादादांची हलगी भिडलीय. उरलेला अर्धा वाजवायच्या आधीच दादा गेले. मग मी त्यांचाच एक तुकडा कापून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा जोडत गेले.

धुराचा वास येतो. दादा स्टुडिओच्या मधोमध उभे राहून हलगी वाजवतायत.

"दादा, इथं जाळ नको. भिंतींना फोम आहे." आमचं नेहमीचं भांडण. ते खाली पार्किंगमध्ये कागद पेटवून हलगी शेकायचे आणि कातडं गार व्हायच्या आत चार जिने पळत चढायचे.

"जाळ कवाच इझला गं," दादा म्हणतात. "हलगी गार हुईना."

भिंती नाहीत आता. कुस्तीचं मैदान आहे, तांबडी माती. दोन पैलवान एकमेकांना धरून थरथरतायत. पडत कुणीच नाही. लोकही टाळ्यांसाठी हात उचलून तसेच बसलेत. मला भीती वाटायला लागते.

"थांबा की मग, दादा."

"कसा थांबू? हलगी गार पडली, आवाज उतरला, की आम्ही थांबतो. परत शेकतो. तुझ्या पेटीतली उतरतच न्हाई."

हलगीचं टिपरू धरलेल्या दादांच्या तळव्यावरचे फोड फुटलेत. मैदानाच्या कडेला माझं टेबल आहे, त्यावर लॅपटॉप. बटण दाबलं की ट्रॅक थांबेल. माझं बोट हलत नाही.

"बंद केलं तर तुम्ही जाल."

"मी गेलोयच की, केतकी. तू रडलीस का न्हाईस अजून?"

मी बटण दाबते.

जाग येते. ट्रॅक थांबलेला आहे. जोडलेले सगळे तुकडे मी काढून टाकते. आता अर्ध्यातच हलगी संपते आणि पुढे माझा सिंथ एकटाच जातो. फार बोडकं वाटतं. रडू येतं, ते मी येऊ देते. ट्रॅक तसाच पाठवते.

उठताना धुराचा वास येतो. दादांची हलगी त्यांच्या बायकोनं मला दिली, तेव्हापासून ती उन्हाचा वाराही न लागणाऱ्या भिंतीवर टांगलेली आहे. कातडं सैल पडलं होतं. मी त्यावर तळवा ठेवते.

कातडं ताठ आहे, आणि गरम.

ते गार होईपर्यंत मी हात काढत नाही.