मागच्या सीटवरून

आमच्या जिन्याखालच्या गाळ्यातून शिलाई मशिनचा आवाज यायला लागून महिना झाला असेल, पण त्या मशिनवर बसतं कोण, हे मला कळलं ते एका टॅक्सीवाल्याच्या आरडाओरड्यामुळे. मी भाजी घेऊन परतत होते. गाळ्याच्या दारात टॅक्सीची सीट जमिनीवर मांडलेली, शेजारी एक धिप्पाड माणूस हातवारे करत उभा, आणि त्याच्यासमोर ओठांत दोन टाचण्या धरून एक किडकिडीत बाई.

"दगड आहे दगड! यावर बसून मी गाडी चालवायची?" तो म्हणत होता.

तिनं टाचण्या काढून पदराला टोचल्या. "बसलात का?"

"बसलो की."

"किती वेळ?"

"आता बसायला काय मुहूर्त लागतो?"

"काल दुपारभर मी या सीटवर बसून दुसऱ्या सीटची शिवण घातली आहे. माझ्या कमरेनं तक्रार केली नाही. तुमची काय म्हणते ते बसून सांगा. उभ्या उभ्या सांगू नका."

तो चरफडत बसला. मी वर जाऊन चहा करून पुन्हा गॅलरीत आले तर गडी त्याच सीटवर मान टाकून घोरत होता. उठल्यावर निमूटपणे सीट गाडीत बसवून घेतली आणि जाताना शेजारच्या पंक्चरवाल्याला म्हणाला, "बाई कसली, टाचणी आहे टाचणी!" तेव्हापासून गल्लीत तिचं नाव टाचणीच पडलं. तिनंही ते मनाला लावून घेतलं नाही.

गाड्यांच्या सीटा शिवण्याचं काम ती वडिलांकडून शिकली. ते बसच्या आगारात सीटा दुरुस्त करायचे, आणि दुरुस्त केलेल्या सीटवर बसून डबा खाल्ल्याशिवाय ती बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. टाचणीनं तीच सवय उचलली. कुठलीही सीट तयार झाली की दुपारभर स्वतः तिच्यावर बसायचं, हातातलं काम तिथंच करायचं, मगच गिऱ्हाइकाला फोन. "पाच मिनिटं सगळ्याच सीटा गोड बोलतात, बाई," असं ती मला म्हणायची. मला ती 'बाई' म्हणायची, कारण तिचा नवरा माझा शाळेतला जुना विद्यार्थी.

हा नवरा कागदाच्या कारखान्यात यंत्रावर होता; मंडळी गाळ्यामागच्याच खोल्यांत राहायची. लहानपणापासून गोष्टीवेल्हाळ. तिसरीत असताना पडून गुडघा फोडून यायचा आणि त्या पडण्याची अशी काही गोष्ट सांगायचा, की बाकीच्यांनाही आपण पडावं असं वाटायचं. मनानं निर्मळ, कुणाला नाही म्हणता येत नाही, आणि वाईट झालेलं त्याच्या लक्षातच राहत नाही. अशा माणसाशी संसार करणं सोपं असतं असं लोकांना वाटतं.

त्याची आई दूर, खिंडीपलीकडच्या गावात थोरल्या भावाकडे राहते. गाडीनं दोन दिवसांचा रस्ता. कारखाना यंत्रांच्या दुरुस्तीसाठी बंद राहतो तो ऐन हिवाळ्यात, म्हणजे रजा तेव्हाच. त्यामुळे लग्नापासून दर हिवाळ्यात ही मंडळी गाडी भरून निघायची. मूल झालं तरी निघाली, दुसरं झालं तरी निघाली. त्या दुसऱ्याच्या पहिल्याच हिवाळ्यात खिंडीत एक ट्रक आडवा झाला आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या बर्फात अडकून पडल्या.

ही हकीकत मी आधी त्याच्या तोंडून ऐकली, जिन्यात उभ्या उभ्या. "बाई, काय मज्जा आली म्हणून सांगू! तो ट्रकवाला म्हणजे वल्ली! मी, तो आणि एक दाढीवाला, आम्ही तिघांनी फावडी घेतली. ट्रकवाला गाणी म्हणतोय, आम्ही बर्फ उपसतोय. कुणी तरी गरम चहाचा थर्मास काढला. माझ्या भुवयांवर बर्फ! ही म्हणाली, कोण हा म्हातारा?" जिन्यातले सगळे हसले. टाचणी त्याच्या मागे धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मी असं काही म्हणाले नव्हते," आणि वर न बघता गाळ्यात शिरली.

ही गोष्ट त्यानं वर्षभरात सगळीकडे सांगितली. दर वेळी ट्रकवाल्याची गाणी वाढत गेली. आणि दर वेळी खालच्या मशिनचा आवाज मध्येच थांबायचा.

यंदा थंडी पडायला लागली तशी एका सकाळी ती हातातली कात्री तशीच घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली.

"बाई, तुम्ही याला भूगोल शिकवला होतात ना?"

"होय गं. का?"

"मग याला खिंड म्हणजे काय ते का कळत नाही? भावाला फोनवर 'येतो' म्हणून मोकळा झाला! माझ्या वतीनं, पोरांच्या वतीनं, सगळ्यांच्या वतीनं. मला कधी सांगतोय? ताटावर बसल्यावर. 'मी हो म्हणून टाकलंय हं.' टाकलंय! कचरा टाकल्यासारखं!"

मी कात्री तिच्या हातातून काढून टेबलावर ठेवली. "सासूबाई थकल्यात. नातवंडांना बघावंसं वाटणारच."

"मग मी काय बघू नका म्हणते? बर्फ वितळल्यावर जाऊ. तेव्हा कारखाना सुट्टी देत नाही. बरं, मग तू एकटा जा, बसनं. तर म्हणतो, 'आईला पोरं बघायचीत, मला बघून ती काय करेल?'" हे सांगताना तिलाही हसू आलं असतं, पण तिनं ते येऊ दिलं नाही. "आणि खरं दुखणं पुढेच आहे. मी नको म्हटल्यावर यानं भावाला परत फोन केला. काय सांगितलं? 'मी तयार आहे रे, हिचंच मन होत नाहीये.' म्हणजे हा श्रावणबाळ आणि मी कैदाशीण!"

मी विचारलं, "त्याला सांगितलंस का, की गेल्या वर्षी तुझे हाल झाले?"

"त्याला काय सांगायचं? तो होता की तिथं." मग कात्री उचलत म्हणाली, "नाही, बाई. तो नव्हताच तिथं."

पुढचे काही दिवस खालून आवाज येत राहिले. "अगं, नवे टायर टाकतो." "टाक. टायरला थंडी वाजत नव्हती." "ट्रक काय दर वर्षी आडवा होतो?" "ट्रकची जबाबदारी तू घेतोस का?" थोरल्या भावाचा फोन यायचा, नवरा बाहेर जाऊन हळू आवाजात बोलायचा, आणि परत आला की ती म्हणायची, "झाली का माझी निंदा? जेवून घे." मोठी मुलगी, सहा वर्षांची, या वादात कुणाच्याच बाजूनं बोलायची नाही. दप्तर घेऊन वर यायची आणि माझ्या टेबलाशी बसून अक्षर गिरवायची.

रविवारी सकाळी अंगणात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी गॅलरीतून वाकून पाहिलं. गाडी मोकळ्या जागेत उभी, टाचणी चालवायच्या जागी, पोरं मागे, जाड कपड्यांत. नवरा चप्पल घालून बाहेर येऊन विचारत होता, "कुठं निघालीस?"

"कुठं नाही. बस मागे. मधे."

"आता?"

"आता. जायचं की नाही ते ठरवायचंय ना? कुठलीही सीट बसून बघितल्याशिवाय मी बाहेर सोडत नाही. तू या सीटवर कधीच बसलेला नाहीस. आज बस. मग तू 'जाऊ' म्हणालास तर मी एक शब्द बोलणार नाही. आजच पेटी भरते." मग मान वर करून म्हणाली, "बाई, तुम्ही पण या. नाही तर हा याचीसुद्धा गोष्ट करेल."

मी शाल घेऊन खाली गेले आणि तिच्या शेजारी बसले. नवरा हसत हसत मागे शिरला. सीटला बांधलेल्या पोरांच्या दोन छोट्या खुर्च्यांच्या मधे जेमतेम वीतभर जागा. गुडघे हनुवटीला लागले. "वा! राजेशाही!" तो म्हणाला. मोठी खुदकन हसली. टाचणी हसली नाही.

खिंडीत पेट्रोल वाचवायला जसं केलं होतं, तसंच ती करत होती. थोडा वेळ इंजिन चालू, मग बराच वेळ बंद. पहिल्यांदा सगळे मजेत होते. धाकट्यानं बिस्किट चावून बापाच्या बाहीला पुसलं. मग इंजिन बंद झालं आणि काचांवर आतून वाफ धरली.

"अगं, हीटर लाव ना जरा. पाय गारठले."

तिनं इंजिन चालू केलं. "लावला. बाई, लागतोय ना?"

माझ्या पावलांवर छान ऊब येत होती. खोटं कसं बोलू? "लागतोय," मी म्हणाले.

"मागे काहीच येत नाहीये," नवरा म्हणाला.

"येत नाहीच. या गाडीत मागे येतच नाही."

धाकटा कंटाळून रडायला लागला. त्याला घ्यायला जागा नाही, पट्टा सोडायचा नाही. एका हातानं तो त्याला थोपटत राहिला, दुसरा हात मोठीच्या खाली अडकला होता. मोठीला शू लागली. टाचणी समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, "बाहेर वारा आहे. तेव्हा मी तिला सोडलं नव्हतं. तू काय करणार?" खिंडीत मोठीनं कपड्यातच केली होती, हे त्याला आत्ता कळलं. त्यानं दार उघडून तिला घरात पाठवलं. ती परत येऊन बसली, बूट काढले आणि म्हणाली, "बाबा, तुमचे पाय माझ्या पायांखाली ठेवा ना. आईनं ठेवले होते तसे."

"कधी?"

"बर्फात. आईनं तिचे मोजे बाळाच्या हातांना घातले होते. त्याचे ओठ निळे झाले होते ना. तो रडायचापण बंद झाला होता. आई त्याला हलवत होती आणि रडत होती." पोरीचा आवाज अगदी सरळ होता, शाळेत काय झालं ते सांगतात तसा. "मग तुम्ही काच वाजवलीत. आणि म्हणालात, 'बाहेर या, काय मज्जा आहे!'"

टाचणीची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती. मागे त्यानं आपली पावलं मोठीच्या पावलांखाली सरकवली. मग तो म्हणाला, "बस झालं. कळलं मला."

"अजून खिंड उघडली नाही," ती म्हणाली.

"अगं, कळलं म्हणतोय ना."

"मलापण तेव्हा बऱ्याच लवकर कळलं होतं. तरी बसले होते. बस तू."

मला तिचा तो आवाज आवडला नाही. एकदा वाटलं, आवरावं तिला. पण त्याच्याकडे वळून पाहिलं तर तो मोठीची पावलं दोन्ही हातांत घेऊन चोळत होता आणि दार उघडायचा प्रयत्नही करत नव्हता.

पुन्हा इंजिन बंद झालं तेव्हा त्यानं खिशातून फोन काढला. भावानं उचलला. गाडी एवढीशी, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"निघालात का?"

"नाही रे दादा. आम्ही येत नाही."

"मला माहीतच होतं! नाही म्हणाली ना तुझी बायको?"

टाचणीनं आरशात बघितलं. त्या आरशात मलाही त्याचा चेहरा दिसत होता. हो म्हणणं त्याला किती सोपं होतं!

"तिला विचारलेलंच नाही," तो म्हणाला. "मी नाही म्हणतोय. पोरांना मी या थंडीत त्या रस्त्यानं आणणार नाही. मी एकटा येतो बसनं."

"तुला बघून आई काय करेल?"

मागे धाकटा रडत असतानाही मला हसू आवरेना. मग आई फोनवर आली. "बायकोच्या ताटाखालचं मांजर," एवढं एकच वाक्य बोलली आणि फोन ठेवला.

तो फोनकडे बघत बसला. टाचणीनं चावी काढली, खाली उतरली आणि मागचं दार उघडलं. मला वाटलं, आता ती मऊ होईल. तिनं धाकट्याला काढून खांद्यावर घेतलं आणि मोकळ्या हातानं सीटवर एक थाप मारली. "यापुढे ती ट्रकवाल्याची गोष्ट सांगायची असेल ना, तर इथून सांग." आणि पोरांना घेऊन आत गेली. तो तिथंच बसून राहिला, गुडघे हनुवटीला लावून, दार उघडं.

तो एकटा बसनं जाऊन आला. ट्रकवाल्याची गोष्ट त्यानंतर मी ऐकलेली नाही. बर्फ वितळल्यावर त्यानं कारखान्यातल्या सोबत्यांशी पाळ्या बदलून सवड काढली आणि चौघं आजीकडे गेली. गाडी टाचणी चालवत होती, तो मागे मधे बसला होता.

त्याला आता दोन हिवाळे झाले. टाचणीनं त्या गाडीची मागची सीट उसवून पुन्हा शिवली, मधली जागा थोडी रुंद केली. गिऱ्हाइकांवर ती अजून ओरडते. सासूबाई दर रविवारी फोन करतात. ती उचलते, पलीकडून "मोठी आहे का?" एवढंच येतं, आणि ती फोन मुलीच्या हातात देऊन मशिनवर बसते.